तक्रार क्रमांक चारशे बारा

पौषातली रात्र मी स्वतः भरते:
तारीख, वेळ साडेसात, वारा शून्य.
लोहगाव. धावपट्टी दहा.
खराडीच्या सातव्या मजल्यावर एसी इतका गार
की विमानातच बसल्यासारखं वाटतं, तेवढं एक बरं.
थ्रॉटल पुढे. दिवे मागे पळतात.
चाकं सुटतात तेव्हा खुर्ची जागची हलत नाही,
पोट हलतं.
चार वर्षं झाली, अजून हलतं.

माझं काम खिडकीबाहेर बघायचं.
इंजिनाला निखिलेश आहे, ढगांना शबाना,
आभाळ माझ्या वाट्याला.
समोर पुनर्वसू, उजवीकडे खाली व्याध,
डाव्या खांद्याशी ध्रुव.
ध्रुव मोजायचा तर हात लांब करायचा:
क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी, एक बोट वजा.
पुण्यात तो एवढाच वर असतो.
पडद्यापुढे मुठी रचताना पाहून
टेबलं पुसणारा दौलत पहिल्यांदा दचकला होता.
आता फडकं न थांबवता विचारतो,
"आहे ना मॅडम जागेवर?"

तृतीयेची कोर पश्चिमेला होती.
विमान वळवलं,
आणि कोरीच्या दोन टोकांमध्ये,
जिथं चंद्र असतो पण उजळलेला नसतो,
तिथून एक तारा खुशाल लुकलुकत होता.
चंद्राच्या आरपार.
मी लिहिलं: क्रमांक चारशे बारा. चंद्र पोकळ आहे.
उत्तर आलं: किती जणांच्या लक्षात येणार?

बाबांच्या येईल, असं तिथं लिहिता येत नाही.
बाबा तीस वर्षं लोहगावला रात्रपाळीत
धावपट्टीचे दिवे बदलायचे.
विमानात कधी बसले नाहीत.
आभाळ पाहिलं ते उकिडवं बसून,
पान्हा मांडीवर, टॉर्च दातांत.

रविवारी धानोरीला त्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवला.
नऊ हजार तारे.
त्यांनी चष्मा पुसला, परत घातला.
"एवढे कुठं असतात गं?
हे आपल्या गावाकडचं झालं. पुण्याचं कर."
मी शहराच्या उजेडाची पट्टी उजवीकडे सरकवत गेले.
पुष्य गेलं. कृत्तिका गेल्या.
मृगाचं डोकं गेलं,
चार पाय आणि पोटातला बाण तेवढा उरला.
"थांब," म्हणाले.
मोजले तर बावीस.
"आता खरं.
पण किरणं कुठायत?"

किरणं?
"प्रत्येकाला असतात की. पाच-सहा.
आणि दिव्यांभोवती कडं. तू बघितली नाहीस कधी?"

दोन रात्री मी किरणं शोधत बसले,
भिंगांची गणितं, काचेवरचे ओरखडे, दव.
तिसऱ्या दिवशी विश्रांतवाडीच्या डॉक्टरबाईंनी
बाबांच्या डोळ्यात उजेड सोडला
आणि म्हणाल्या, दोन्हीकडे पिकलाय मोतीबिंदू,
इतके दिवस काय करत होता?

ऑपरेशननंतर महिन्याभरानं गच्चीवर गेलो.
टाकीला पाठ टेकून ते बराच वेळ बघत राहिले.
शेजारच्या गच्चीवर कुणीतरी वाळलेले कपडे काढत होतं.
"तुझ्यासारखे झाले गं," म्हणाले.
"नुसते ठिपके."

मी काय बोलणार.
माझे ठिपके बरोबर होते,
ह्याचा आनंद कुठल्या रकान्यात भरायचा.

तेवढ्यात पत्र्यांवरून एक विमान गेलं,
पंखाला लाल दिवा, पोटाखाली पांढरा.
लहानपणी ह्या आवाजात आम्ही सगळे
वाक्य अर्ध्यावर सोडून थांबायचो
आणि आवाज गेला की उरलेलं अर्धं बोलायचो.
आत्ताही थांबलो.

"त्या चंद्राचं काय झालं?"
बंद केली तक्रार.
"म्हणजे नीट झाला?"
नाही. नुसती बंद.

बाबांनी नव्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं,
एखादा दिवा लागत नसताना
आधी बल्बकडे बघावं तसं.

सोमवारी नवा क्रमांक पडला, चारशे अठ्ठ्याऐंशी.
कारणाच्या रकान्यात दोनच ओळी:
चंद्र भरीव असतो.
एका माणसाच्या लक्षात आलं आहे.