सतरा नंबरची बरणी

लेक सुपीरियरच्या उत्तरेला बर्फ उशिरा सुटतो.
तोवर वनबेडूक पाचोळ्याखाली गोठून पडलेला असतो,
हाताला खड्यासारखा,
काळीज बंद, डोळ्यांवर बर्फाची साय.
मग एका दुपारी आधी काळीज हलतं,
बऱ्याच वेळाने पाय,
आणि रात्री सगळं डबकं बदकांसारखं कलकलतं.

केर्टू म्हणाली, अंडी आण. एकाच घोसातली नकोत.
मांडीपर्यंत बूट घालून मी उतरले.
शिजल्या साबुदाण्यासारखा घोस
बोटांतून निसटायचा,
प्रत्येक दाण्यात एक काळा टिंब.

चोवीस बरण्या.
निम्म्यांत पाणी दलदलीसारखं आंबट, सामू साडेपाच,
निम्म्यांत साधं.
कशात तणनाशक, कशात नाही,
ते केर्टूच्या वहीत, वही कपाटात, किल्ली तिच्या गळ्यात.
माझ्याकडे नुसते आकडे.
माहीत असलं की डोळे हवं ते मोजतात, म्हणते ती.

माझा बाप अर्वो, बावीस उन्हाळे
हेलिकॉप्टरच्या टाकीत तेच भरत आलाय.
स्प्रूसच्या रोपांना ऊन मिळावं म्हणून
बर्च मारायचा, पॉप्लर मारायचा, रानरासबेरी मारायची.
या कामाला कंपनीच्या कागदांत
'मोकळं करणं' म्हणतात.
दर जुलैत जोसेफिन वाबासे फाटकाशी येते,
यंदा कुठला पट्टा, एवढंच विचारते,
तिथल्या ब्लूबेरी तिला तोडायच्या नसतात.
सांगायचं नसतं. बाप सांगतो.
ती निघून जाते. बसायला कोणी म्हणत नाही.

नवव्या दिवशी भिंगाखाली:
अंड्यात पूर्ण वाढलेला जीव,
शेपटी आहे, डोळे आहेत, काळीज टकटकतंय,
पण कवच विरलेलंच नाही.
आत जागा संपली तसा तो स्वतःभोवती वळत गेला
आणि वळलेलाच राहिला.
असे किती, ते मी लिहिलं.
दुसऱ्या बरण्यांत बाहेर आलेले,
शेपटी वाकडी, एका कुशीवर,
पोहायला गेले की गोल गोल.
तेही लिहिलं.

वही उघडली त्या संध्याकाळी बाप मला न्यायला आला होता,
टोपी हातात, दारातच.
केर्टू म्हणाली, गंमत बघ,
औषध साध्या पाण्यात जास्त चावलंय.
आंबट पाण्यात त्याचा दात जरा बोथट.
बापाचा चेहरा उजळला.
"म्हणजे दलदलीचं पाणी बरं?"
"त्यात अंडी फुटत नाहीत, अर्वो."

बराच वेळ फ्रीजचाच आवाज.
मग त्याने भिंग मागितलं.
चष्मा कपाळावर चढवून एकेक बरणी बघत गेला,
सतरापाशी थांबला.
सतरामध्ये एक होता. सरळ शेपटीचा,
काचेवरचं शेवाळ खरवडत बसलेला,
जणू त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं.
"याला मोकळं..." म्हणाला बाप
आणि शब्द तोंडातच धरून राहिला.

सोडता येत नाही, मी म्हटलं. नियम आहे.
जगलेल्यांचीही लांबी मोजायची असते,
त्याआधी भुलीच्या पाण्यात घालायचं.
त्याने मान हलवली. नियम त्याला कळतात.
मी वहीत लिहिलं: सतरा, एक, जिवंत, वेळ सहा दहा.
मग जे करायचं ते केलं.

रिकामी बरणी त्याने माझ्या हातून घेतली.
कॅन तीनदा खळबळून धुवायचा, ही त्याच्या कामातली सवय.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा पाणी घेऊन तो मागच्या पायरीवर गेला.
समोर उतार, उताराखाली ओढा,
ओढ्यापलीकडे बेडकांचा गलका.
तिथेच उभा, दोन्ही हातांत बरणी.
"आयला," मला हाक मारून म्हणाला,
"हे कुठे ओतू?"