चाक आधी

चाक आधी निवडायचं.
हे कुणी शिकवलं नाही, तीन गाड्या मोडल्यावर कळलं.
विटा काय, कशाही रचता येतात,
एकीवर एक, आडव्या, उलट्यासुद्धा,
पण माझ्या डब्यात टायर चारच मापांचे.
ज्या चाकावर बोट ठेवाल
त्याच्या मापाने मग सगळं बेतायचं,
दार, खिडकी, आरसा, ड्रायव्हर.
मी घेतलं अडीच सेंटिमीटरचं.
म्हणजे बस आठ बटणं रुंद, चौतीस लांब,
आणि मी उभी राहिले तर साडेचार विटा.

एकोणतीस वर्षं वाचनालयाची बस चालवली,
केमियार्वीहून वर,
जिथे एका घराचा धूर दुसऱ्या घराला दिसत नाही.
डिसेंबरात दुपारी दोनला हेडलाइट,
आणि रस्त्याच्या मधोमध रेनडिअर,
हॉर्नला न जुमानणारे,
जणू पुस्तक परत करायची तारीख त्यांनाही ठाऊक नाही.

बसचा निळा रंग आता नवा मिळत नाही.
जुन्या विटा घेते, किलोवर, कुणाच्या कुणाच्या पोटमाळ्यावरच्या.
साबणाच्या पाण्यात घालते, टॉवेलवर पसरते.
एकीवर दातांचे ठसे निघाले.
ती फेकली नाही, इंजिनाजवळ लावली.
कुणीतरी ही बस आधीच चावून पाहिली आहे.

बोटं हल्ली थरथरतात.
विटेला त्याचं काही नाही.
नीट बसली की खट्,
नाही बसली तर नाही.
डॉक्टर एवढं सरळ बोलत नाहीत.

खरी बस पोसिओच्या एका माणसाने लिलावात घेतली
आणि तिचा सौना केला.
फोटो पाठवला त्याने:
कवितांच्या फळीच्या जागी बाक,
बाकावर चार उघडे पुरुष, लालबुंद.
मला राग यायला हवा होता.
पण एकोणतीस वर्षांत त्या हीटरने
मला एकदाही घाम फोडला नव्हता,
म्हटलं, चला, शेवटी तापली.

आतल्या फळ्यांना मला दोन महिने लागले.
एकेक पुस्तक म्हणजे एकेक चपटा तुकडा,
दोनशे बारा.
छप्पर बसवलं की यातलं काही दिसणार नाही.
औलूहून नातू येतो, एल्मेरी, नऊ वर्षांचा,
छप्पर उचलून आधी आतच डोकावतो.
आजी, इथे एक कमी आहे.
माहीत आहे.
माझ्याकडे नारिंगी आहे, लावू?
नको.
चुकलीस मोजायला, तो म्हणतो,
आणि चाकं फिरवत टेबलाच्या कडेपर्यंत नेतो.

ओइवा दुधाच्या कॅनच्या ओट्यावर उभा असायचा,
दर दुसऱ्या गुरुवारी, ढकलगाडी-स्लेज घेऊन.
तेच पुस्तक न्यायचा. मधमाश्यांचं.
त्याच्या गावात मधमाशी टिकत नाही,
मी एकदा तसं म्हणालेसुद्धा.
म्हणूनच वाचतो, म्हणाला.
पानांत खुणा ठेवायचा: बर्चची साल,
विजेचं बिल, एकदा माशाचं खवलं.
एका गुरुवारी ओट्यावर बर्फ होता, पावलं नव्हती.
नियमाने थांबायचं चार मिनिटं.
मी अकरा थांबले. इंजिन बंद केलं नाही,
बंद केलं असतं तर ऐकावं लागलं असतं.
पुस्तक परत आलं नाही.
घर उपसणाऱ्यांना ते सापडलं असेल, नसेल.
मी विचारायला गेले नाही.

गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात,
माझ्या यात्रेत गाडा कोण होता
हे अजून नीट ठरलेलं नाही.

काल रात्री सहा तपकिरी विटांचा ओटा केला.
वर माणूस ठेवला नाही, स्लेज ठेवली,
तीही जमली नाही, खुर्चीसारखी दिसते.
बस शेजारी लावली.
स्टिअरिंग जरा वळवलं, पुढची चाकं वळली,
पहिल्यांदाच एकदम, दोन्ही.
दार उजवीकडे उघडतं.
कॉफी ठेवायला उठले,
आणि गॅसपाशी उभी राहून
घड्याळाकडे बघितलं.