बारक्या गाडीची वाट

रूळ उचलून नेले त्याच वर्षी
मी लग्न होऊन या गावात आले,
म्हणजे गाडी मी पाहिलीच नाही.
पाहिला तो नुसता भराव,
कवठेमहांकाळच्या बाजूला निघालेला,
कुणी रांगोळीची पहिली रेघ ओढावी
आणि हाक आली म्हणून उठून जावं, तसा.

डॉक्टर म्हणाले, रोज चाला.
कुठं चालू?
हमरस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रेलर लावलेले,
बांधावर वेड्या बाभळी,
आणि गावातून चाललं तर दारादारातून जाब,
'का गं, कुठं निघालीस?'
म्हणून भरावावर चढले.

वर नूरमहंमद मुलाणी शेरडं राखत होते,
पूर्वीचे गँगमन. म्हणाले,
"बारक्या इंजनाला दम कमी, पोरी.
चढ दिसला की धापा टाकायचं.
म्हणून सायबानं सगळा चढ
मैलामैलात वाटून दिला,
तापातल्या माणसाला घोट घोट पाणी पाजावं तसा."

तेव्हापासून गुडघ्याला सांगते,
हे तुझ्यासाठीच बांधलंय बाबा.
कुणीतरी एकदा
एका दमेकरी इंजिनाची काळजी केली,
ती अजून उरलीय,
मला पुरतेय.

द्राक्षं उतरली की शेडवर बेदाणा पडतो,
हिरव्या जाळ्यांतून गंधकाचा वास थेट भरावावर येतो.
तेव्हा आम्ही पहाटेच निघतो, मी आणि शालन कोळेकर,
सात वाजता निवडायला बसायचं असतं.
शालन पुढं, मी मागं, बोलणं मधल्या अंतरात.
वैशाखात खडी चपलेतून भाजते,
तेव्हा फक्त मुलाणी असतात आणि त्यांची शेरडं,
आणि मी, हट्टानं.

श्रावणात उतारावर गवत वाढतं,
पोरं युरियाच्या गोणीवर बसून
वरून खाली सुटतात.
टीव्हीवर एकदा पाहिली होती माणसं,
पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरणारी.
आमच्याकडं बर्फ म्हणजे जत्रेतला गोळा.
एका संध्याकाळी कुणी नाही पाहून
मीही गोणी मागितली.
शालन म्हणाली, "बाई, वय काय तुझं?"
मी म्हटलं, "खाली पोचल्यावर सांगते."

पोचले, तेव्हा सांगायला श्वास नव्हता.
पाठीला हिरवा डाग,
तो तीन धुण्यांनी गेला नाही.

मग लेक मिरजेला नर्सिंगला गेली
आणि तिची शाळेची सायकल
जनावरांच्या गोठ्यात टांगून राहिली.
बेचाळिसाव्या वर्षी मी ती खाली उतरवली.
सपाट वाट, बघायला शेरडं,
याहून चांगली शाळा कुठली?
मुलाणी मागं कॅरिअर धरून धावले
(धावले कसले, खोकत चालले),
आणि कधी सोडलं
ते मला अजून सांगत नाहीत.

मोरीपर्यंतच जायचे मी नेहमी.
मोरीचा कठडा ढासळलेला,
पलीकडचं गाव ओळखीचं नाही.
पण त्या दिवशी वळायचं कसं
ते शिकलेच नव्हते.
मोरी मागं पडली, तुराटीचं रान मागं पडलं,
आणि समोर एक फलाट,
गुडघ्याएवढा, चिंचेखाली,
त्याच्यावर कुणाची तरी ज्वारी वाळत घातलेली.

बसले.
लांब, नव्या लाईनवरून मालगाडी चालली होती,
न थांबणारी, कुणाची नसलेली.
डबे मोजले, चाळिशीत चुकले.
शेवटच्या डब्यातल्या गार्डाला
मी उगाच हात केला,
त्यानं हिरवा झेंडा दाखवला.
त्याची रीतच असेल ती.
पण मी घेतला.

येताना मोरीपाशी साखळी पडली.
बसवता आली नाही.
काळे हात गवताला पुसले
आणि सायकल हातात धरून
घरापर्यंत चालत आले.