दोनदा टोचा, तिसऱ्यांदा नाही

बोडोच्या बोटीत चार तास
मी खिडकीकडे पाठ करून बसते.
समुद्र पाहिलाय पुरेसा.
पिशवीत लोकरी हातमोजे, गरम पाण्याची रबरी पिशवी
आणि पाण्याची बाटली,
जी मी मोस्केनेसपासून घोट घोट रिकामी करत आलेय,
कारण पाणी प्यायलं की शिरा फुगतात म्हणे.
बोटीवर शौचालय एकच,
त्याची कडी तुटलेली.

तूरलाइफ असता तर म्हणाला असता,
मोहिमेवर निघाल्यासारखी निघतेस.
मोहीमच आहे, बाबा.
दर तिसऱ्या आठवड्याला, सहा नळ्या.

पहिल्या वर्षी मी लाजायचे.
"माझ्या शिरा वाईट आहेत हो," आधीच सांगून टाकायचे,
पाहुण्यांना दारातच
घर आवरलेलं नाही म्हणतात तसं.
मग कोपराच्या खोबणीत
सुई आत फिरवून फिरवून शोधायचे,
आणि मीच त्यांना धीर द्यायचे,
असू दे, असू दे.
घरी येऊन बाही वर केली
की हातभर जांभळं आभाळ.

आता सांगते:
डावा हात. कोपरात नाही, खाली, अंगठ्याच्या बाजूला.
लहान मुलांची सुई आणा.
मी आडवी पडणार.
आणि दोनदा टोचा. तिसऱ्यांदा नाही.
तिसऱ्यांदा दुसरं कुणीतरी.

आज नवा पोरगा होता.
छातीवर नाव: आइलिफ.
पहिल्यांदा शीर सरकली.
दुसऱ्यांदा दोन थेंब आले आणि बास.
त्याचे कान लाल झाले, उकडलेल्या खेकड्यासारखे.
त्याने दाराकडे पाहिलं.
बेरगियोत तासाभराने येणार होती,
वरच्या मजल्यावर कुणालातरी टोचायला गेलेली.
माझी बोट पावणेतीनची.

नियम माझाच होता,
म्हणून मोडायचा तर मीच मोडायचा.

म्हटलं, डोळे मीट.
तो म्हणाला, काय?
म्हटलं, सुई खाली ठेव आणि डोळे मीट.
एक्केचाळीस वर्षं मी जाळी दुरुस्त केलीत,
डिसेंबरात, जेव्हा दिवस म्हणजे
दोन तासांचा निळा उजेड आणि नंतर काळोख.
भोक डोळ्यांना दिसत नाही रे.
दोरा बोटांशी बोलतो.
दाब. सोड.
उलट दाबणारं काही लागतंय?

तो बराच वेळ गप्प होता.
मी छताकडे पाहत राहिले,
तिथे ओलीचा एक डाग आहे,
हुबेहूब माझ्या नणंदेचं नाक.
"इथे," तो म्हणाला, "रबरासारखं."
मग डोळे उघड, म्हटलं,
माझ्यावर काही एवढा विश्वास नको.

साडेपाच नळ्या भरल्या.
सहावीला जरा कमी पडलं,
मी म्हटलं, चालवून घ्या.

मग डॉक्टर.
अडीच तास बाकड्यावर, सात मिनिटं आत.
समोर एक बाई लोकरीचा मोजा विणत होती,
टाच आली तरी तिचं नाव पुकारलं नव्हतं.
डॉक्टर पडद्याशी बोलले:
मागच्या वेळचे आकडे बरे आहेत.
थकवा येतो का?
मी म्हटलं, येतो, इथे आल्यावर.
ते हसले नाहीत. लिहून घेतलं.

बोटीसाठी मी धावले नाही.
दोर सोडणारा माझ्या भावाचा मुलगा आहे.

अर्ध्या वाटेत फोन:
तिसरी नळी गोठली हो, फार वाईट वाटतं,
गुरुवारी परत याल का?

मी काही वेळ इंजिनाचा आवाज ऐकला.
कापसाची पट्टी सोलून काढली,
खाली मसुराएवढा लाल ठिपका,
बाकी काही नाही. जांभळं काहीच नाही.

येते, म्हटलं. तो पोरगा असेल?
कोणता?
कान लाल होणारा.
असेल.
त्याला म्हणावं, नखं कापून ठेव.