कोल्ड स्टोरेज नंबर दोन, तासगाव

आत चार अंशांत बेदाणा झोपलेला.
बाहेर मी, काळा पडदा,
आणि तांबडी ओळ : मॉड्यूल बसवता येत नाही.

परवानगी दिली. तांबडं.
प्रॉक्सी काढली, मोबाइलचं नेट जोडलं. तांबडं.
रुमालाखालच्या सौद्यासारखं
नुसती बोटं दाबतंय, भाव काही सांगत नाही.
सकाळी चारशे लॉटच्या पावत्या निघायच्यात.

इलाहीभाई वॉचमन चहा ठेवता ठेवता
पडद्याच्या कोपऱ्याकडं बघत म्हणाले,
"मॅडम, ह्यात अजून दोन हजार नऊ चाललंय?"

आतला सेल मेलेला.
यंत्राच्या लेखी समोरचं प्रमाणपत्र
अजून जन्मायचंच होतं,
आणि मी चौथीत, सावळजच्या शाळेत,
पाढे चुकत.

तारीख हातानं ओढत आजपर्यंत आणली.
पट्टी सरकायला लागली.
चहावर साय धरलेली.
"सेल बदला," इलाहीभाई म्हणाले,
"लाइट गेली की परत मागं जाईल ते."