पायरी

नगरपालिकेच्या रात्रनिवाऱ्यात
अठरा खाटा आहेत, सोळा गाद्या
आणि एक नोंदवही.
मुंजाजीचं पान मी चारदा खोडलंय.

आडनाव विचारलं की म्हणतो,
"भट्टीत पडलं."
राहणार: कुंडलिकेचा पूल, जालना.
पुलाच्या अलीकडं की पलीकडं,
ते पाणी ठरवतं.

वीस वर्षं रोलिंग मिलवर
लाल सळई चिमट्यानं ओढली त्यानं.
आधी उष्णता उतरावी म्हणून प्यायचा,
मग चढलेली उतरू नये म्हणून.
मग लोखंड बोलायला लागलं.
की ते आधीपासूनच बोलत होतं?
डॉक्टर नेमकं तेच विचारतात.

सिव्हिलमध्ये म्हणाले, आधी दारू सुटू द्या,
मग गोळ्या.
अंबड रोडच्या व्यसनमुक्तीत म्हणाले,
आधी डोकं ताळ्यावर आणा,
मग भरती.
दोन्हीकडं एक मात्र सारखं:
सहीला घरचं माणूस लागेल.
आणि आमच्या दारावर तर पाटीच आहे,
'मद्यप्राशन केलेल्यांस प्रवेश नाही'.
दर सोमवारी ती मीच पुसते.

बदनापूरला बहीण आहे त्याची, गयाबाई.
तिनं मला भाकर वाढली, वर कारळाची चटणी,
आणि समोर बसून म्हणाली,
"लई केलं बाई. सैलानीला नेलं,
अकरा अमावस्या धरल्या,
कानातलं मोडून पुण्याचा डॉक्टर केला.
आता आला तर ताट वाढीन.
पण दाराच्या बाहेर. कडी आतून लावून."
सहीचा कागद
मी पिशवीतून काढलाच नाही.

एकदा पाटीकडं पाठ करून
मी त्याला आत घेतलं.
मध्यरात्री त्याला छत लाल दिसलं.
त्यानं बादलीवर बादली ओतली
झोपलेल्यांवर, छातीनं अधू असलेल्या
हुसेनचाचांवरसुद्धा.
सकाळी सगळे म्हणाले, "ताई, तो तरी, नाहीतर आम्ही तरी."
तेही खोटं नव्हते.

तेव्हापासून तो पायरीवर.
दिली की चादर सकाळी गायब,
एका क्वार्टरला एक.
चौथी मी मधून फाडली.
अर्धी चादर कुणी विकत घेत नाही.

परवा म्हणाला, "बाई, कामून ऐकू येत नाही तुम्हाला?
बिजागरी रडायलीय."
मी तेल घातलं. दार खरंच गप झालं.
त्या रात्री मी नोंदवहीत
त्याच्या नावापुढचा 'वेडसर' खोडला.
दुसऱ्या रात्री परत लिहिला.

डिसेंबरात मोजणीवाला आला. पोरगेलासा,
कानटोपीतून वाफ सोडत.
आत किती, बाहेर किती?
मी म्हटलं, आत चौदा.
आणि हा? पायरी कशात धरायची?
मी म्हटलं, थंडी आहे. आत धरा.
त्यानं धरली.

बाहेर मुंजाजी
अंथरूण पाहून
पाय पोटाशी घेत होता.