डिसेंबरातला मे

स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवून
मी सेहेचाळीस अंशांचा विचार करते.
शकीलनं खोक्यांच्या फळ्या पेटवल्यात,
रामटेके मिस्त्री चहाच्या ग्लासावर हात शेकतात.
मी विचारते, "यंदा किती?"
कुणी बोलत नाही.
कामठी रोडवरून ट्रक जातात, पत्रा थरथरतो.

आमचा धंदा नव्वद दिवसांचा.
उरलेले दोनशे पंचाहत्तर
त्या नव्वदांची चाकरी करतात.
पत्रा आत्ताच घ्यायचा, मार्चात तो डोळे वटारतो.
मोटारी जानेवारीत, परतीच्या बोलीवर;
इतवारीच्या शेठकडून ही बोली काढायला
मला तीन चहा आणि एक खोटा रुसवा लागला.
वाळा सगळ्यात शेवटी.
लवकर भरला तर त्याचा वास गोदामच पिऊन टाकतं,
आणि गिऱ्हाईक आधी नाक लावतं, मग पाकीट काढतं.

पहिल्या वर्षी भिंतीवर खडूनं
सरळ रेघ ओढली होती मी.
दोनशे कुलर, सगळे रंगवलेले,
पाडव्याला हार घालून ओळीनं उभे.
अन् एप्रिलभर गारा पडल्या बापा!
गल्लीतली पोरं ओंजळी भरून गारा वेचत होती
आणि मी दारात,
अख्ख्या नागपुरातली एकटी बाई
जी ऊन मागत होती.

ऊन आलं, मे सरता सरता.
तोवर लोकांनी जुन्याच कुलरला
नव्या ताट्या बसवून घेतल्या होत्या.
ताट्या मी केल्याच नव्हत्या.

ती रेघ अजून आहे. चुना मारताना
तेवढी जागा सोडायला सांगते.

आता निम्मेच रंगवते.
निम्म्या पत्र्याला काप मारत नाही.
एकदा जाळी पाडली की पत्रा कुलरचाच झाला;
कोरा ठेवला
तर जूनमध्ये त्याची गव्हाची कोठी होते.
कात्री कोणत्या तारखेपर्यंत थांबू शकते,
खरं म्हणजे मी तेवढंच ठरवते.

बँकेच्या फॉर्मात 'अपेक्षित विक्री'ला रकाना होता.
'किती चुकलं तर चालेल' याला नव्हता.
मी समासात लिहून दिलं.
साहेबांनी त्यावर व्हाइटनर लावला,
हळूच फुंकरही मारली.

"एकशे चाळीस," मिस्त्री शेवटी म्हणतात.
"काहून?"
"थंडी उशिरा आली जी औंदा."
हा काही हिशोब नव्हे.
तरी मी खडू उचलते. एकशे चाळीस, रंगीत सत्तर.
एप्रिलच्या चौकोनात वेल्डिंग, दोन पाळ्या, शकील.

शकील विस्तवात एक फळी सारतो.
"भाभी, सांगायचंच राहिलं.
एप्रिलात रुखसारचं लग्न ठरलंय."

शेकोटी तडतडते.
मी कोपरानं चौकोन पुसते.
पांढरं स्वेटरला लागतं,
आणि मी विचारते,
"कोणती तारीख?"